फोन एक्स्चेंजला देण्याआधी: लिनक्स लॅपटॉपवर फाइली नीट कशा उतरवायच्या?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, किंवा कमांड थांबून थांबून बघायच्या असतात, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलले तसंच बरंचसं ठेवलंय. कमांड मी अक्षरं फोडून सांगितल्यात, म्हणजे ऐकणाऱ्यांना आणि वाचणाऱ्यांना, दोघांनाही टाइप करता येतील.

आजचा विषय साधा वाटतो: फोन लिनक्स लॅपटॉपला जोडायचा आणि फाइली काढून घ्यायच्या. तुमच्या मेसेजमध्ये हा प्रश्न वारंवार येतो, आणि बहुतेक वेळा एकाच परिस्थितीत येतो. नवीन फोन मागवलाय, जुना एक्स्चेंजला द्यायचाय, न्यायला माणूस उद्या येणार. आज रात्री केबल लावली, तर लॅपटॉपवर काहीच दिसत नाही. किंवा दिसतं, पण कॉपी अर्ध्यावर लटकते. मग घाईघाईत जे आलं ते आलं म्हणायचं आणि फोन फॉरमॅट मारायचा.

इथेच थांबा. पेन ड्राइव्हवरून चुकून काही उडालं तर ते परत मिळण्याची बऱ्यापैकी शक्यता असते, कारण मजकूर तिथेच पडून असतो, फक्त त्याची नोंद गेलेली असते. फोनचं तसं नाही. आजच्या अँड्रॉइड फोनमधली सगळी माहिती कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्टेड असते. अँड्रॉइड १० पासून नव्या फोनसाठी ते सक्तीचंच आहे. फॅक्टरी रिसेट मारलं की त्या कुलपाची किल्लीच नष्ट होते. आत राहिलेला मजकूर मग कुणालाच वाचता येत नाही, दुकानातल्या रिकव्हरीवाल्यालाही नाही. आयफोनचीही तीच गोष्ट. त्यामुळे रिसेटच्या आधी लॅपटॉपवर जे नीट पोचलं, तेवढंच तुमचं. आजोबांचा आवाज असलेली रेकॉर्डिंग असो की कॉलेजच्या चार वर्षांचे फोटो, नियम हाच.

म्हणून आज दोन गोष्टी बघू: फाइली आणायच्या कशा, आणि त्या खरंच आल्यात हे ओळखायचं कसं.

फोन म्हणजे पेन ड्राइव्ह नव्हे

पहिला गोंधळ इथे होतो. पेन ड्राइव्ह लावला की लॅपटॉप त्याचा ताबा घेतो. त्यातली रचना लॅपटॉप स्वतः वाचतो, स्वतः लिहितो. जुने अँड्रॉइड फोनही असेच चालायचे. केबल लावून 'यूएसबी स्टोरेज चालू करा' दाबलं की फोनचं मेमरी कार्ड लॅपटॉपच्या हवाली व्हायचं. तेवढा वेळ फोनला ते कार्ड वापरता यायचं नाही. गॅलरी रिकामी दिसायची, कार्डावरची गाणी थांबायची. कारण एकच स्टोरेज दोघांनी एकाच वेळी लिहायला घेतलं तर त्याचा चुथडा होतो.

हा त्रास टाळायला २०११ मध्ये अँड्रॉइड ३ आलं तेव्हा गूगलने दुसरी पद्धत आणली: एमटीपी, म्हणजे मीडिया ट्रान्स्फर प्रोटोकॉल. तो मूळचा मायक्रोसॉफ्टचा. त्यांनी तो डिजिटल कॅमेऱ्यांसाठीच्या पीटीपी नावाच्या प्रोटोकॉलवर बेतला होता, आणि २००८ मध्ये तो यूएसबीच्या अधिकृत मानकांमध्ये आला.

एमटीपीमध्ये फोन आपल्या स्टोरेजचा ताबा सोडत नाही. तो खिडकीवरच्या कारकुनासारखा बसतो. लॅपटॉप विचारतो, 'काय काय आहे?' फोन यादी देतो, प्रत्येक फाइलला एक नंबर. लॅपटॉप म्हणतो, 'अमुक नंबरची द्या.' फोन ती काढून देतो. एका वेळी एकच काम. एक फाइल बाहेर येत असताना तुम्ही दुसरं फोल्डर उघडलंत, की तोही अर्ज त्याच रांगेत लागतो.

एवढं लक्षात ठेवलं की एमटीपीचे सगळे नखरे समजतात. पाच हजार फोटोंचं फोल्डर उघडायला वेळ का लागतो? कारण फाइल मॅनेजर एकेकाची माहिती आणि छोटं चित्र मागत बसतो. फोनमधला व्हिडिओ लॅपटॉपवर थेट उघडला तर का अडखळतो? कारण साध्या डिस्कसारखं फाइलच्या मधल्या भागात झटकन उडी मारणं इथे होत नाही. म्हणून आधी कॉपी करा, मग लॅपटॉपवरची प्रत उघडा.

केबल लावली, काहीच दिसत नाही

आता क्रमाने तपासू. क्रम महत्त्वाचा आहे, नाहीतर माणूस तासभर सॉफ्टवेअर शोधत बसतो आणि खोट केबलमध्ये निघते.

एक: केबल. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात. दोन विजेच्या, दोन डेटाच्या. स्वस्तातल्या काही केबलमध्ये, खासकरून हेडफोनच्या किंवा छोट्या पंख्याच्या डब्यात येणाऱ्या केबलमध्ये, डेटाच्या तारा नसतातच. फोन मस्त चार्ज होतो आणि लॅपटॉपला पत्ताही लागत नाही. फोनबरोबर आलेली केबल शोधा. हब बाजूला ठेवून थेट लॅपटॉपच्या पोर्टमध्ये लावा. फोनच्या पोर्टमध्ये खिशातला धागादोरा आणि धूळ बसलेली असते. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलकेच काढा.

दोन: फोनचं सेटिंग. अँड्रॉइड केबल लावल्यावर फक्त चार्जिंग सुरू करतो. हे मुद्दाम केलंय. बसस्टँडवरच्या कुठल्याही चार्जिंग पॉइंटला फोन लावला तर त्याने तुमच्या फाइली दाखवू नयेत म्हणून. त्यामुळे फोन अनलॉक करा, वरून नोटिफिकेशनचा पडदा खाली ओढा, यूएसबीच्या नोटिफिकेशनवर टॅप करा आणि 'फाइल ट्रान्स्फर' निवडा. फोन लॉक असताना लॅपटॉपला फोनचं नाव दिसेल, पण आत सगळं रिकामं दिसेल. 'माझे फोटो गेले' असे घाबरलेले मेसेज मला येतात, त्यातल्या बऱ्याच वेळा फोन फक्त लॉक असतो.

तीन: लॅपटॉपला फोन दिसतोय का? टर्मिनल उघडा आणि एल, एस, यू, एस, बी ही पाच अक्षरं लहान लिपीत, सलग टाइप करून एंटर दाबा. जोडलेल्या यूएसबी वस्तूंची यादी येते. केबल काढून एकदा, लावून एकदा अशी कमांड द्या. यादीत एक ओळ वाढली तर केबल ठीक आहे. एकही ओळ वाढली नाही तर दोष केबल, पोर्ट किंवा फोनचा. मग कितीही पॅकेज टाका, उपयोग नाही.

चार: यादीत फोन आहे, पण फाइल मॅनेजरमध्ये नाही. आता सॉफ्टवेअर. उबुंटूच्या नेहमीच्या इन्स्टॉलेशनमध्ये सगळं आधीच असतं. हलकी किंवा कमीत कमी पॅकेजवाली इन्स्टॉलेशन असेल तर एखादा तुकडा राहून जातो. उबुंटू, डेबियन किंवा मिंट असेल तर 'जीव्हीएफएस-बॅकएंड्स', फेडोरावर 'जीव्हीएफएस-एमटीपी', आणि केडीई वापरत असाल तर 'केआयओ-एक्स्ट्राज' ही पॅकेज टाका. मग लॉगआउट करून परत या. आणखी एक: एमटीपीचं बोलणं एका वेळी एकाच प्रोग्रामशी होतं. फोटो इंपोर्ट करणाऱ्या ॲपने फोन पकडून ठेवला असेल तर फाइल मॅनेजरला तो मिळणार नाही. ते ॲप बंद करा, केबल काढून परत लावा.

कॉपी करताना

आता फोन उघडला. आत 'इंटर्नल शेअर्ड स्टोरेज' दिसेल. काय काय घ्यायचं?

कॅमेऱ्याचे फोटो डीसीआयएम नावाच्या फोल्डरमध्ये. स्क्रीनशॉट कधी तिथे, कधी 'पिक्चर्स'मध्ये. 'डाउनलोड' आणि 'डॉक्युमेंट्स' विसरू नका, मार्कशीट आणि ऑफर लेटर तिथेच सापडतात. 'रेकॉर्डिंग्ज' बघा. फोनच्या कंपनीनुसार ते फोल्डर वेगळ्या नावाने असतं, म्हणून रेकॉर्डर ॲपमध्ये फाइलची माहिती उघडून नेमका पत्ता बघून घ्या.

आणि व्हॉट्सॲप. ते फोल्डर आता बाहेर दिसत नाही म्हणून अनेकांचं राहून जातं. अलीकडच्या अँड्रॉइडवर त्याचा रस्ता असा: 'अँड्रॉइड' फोल्डर, त्यात 'मीडिया', त्यात 'कॉम डॉट व्हॉट्सॲप', त्यात 'व्हॉट्सॲप', त्यात परत 'मीडिया'. फोटो, व्हिडिओ, व्हॉइस नोट सगळं इथे. चॅट मात्र अशी येत नाहीत. शेजारच्या 'डेटाबेसेस' फोल्डरमधल्या फाइली एन्क्रिप्टेड असतात, लॅपटॉपवर उघडून वाचता येत नाहीत. चॅटसाठी व्हॉट्सॲपचा स्वतःचा बॅकअप किंवा ट्रान्स्फरच वापरायचा.

केबलने न येणाऱ्या इतर गोष्टीही आत्ताच सांगते, कारण रिसेटनंतर आठवून उपयोग नाही. कॉन्टॅक्ट फाइल म्हणून दिसत नाहीत. कॉन्टॅक्ट ॲपमधून 'एक्स्पोर्ट' करा, डॉट व्हीसीएफ नावाची फाइल बनेल, ती कॉपी करा. दोन पायऱ्यांच्या लॉगिनसाठी जे ऑथेंटिकेटर ॲप असतं, त्यातले कोड नव्या फोनवर आधी हलवा. यूपीआय ॲपचं रजिस्ट्रेशन त्या फोनशी आणि सिमशी बांधलेलं असतं, ते नव्या फोनवर नव्याने करावं लागतं.

कॉपी करण्याचे माझे चार नियम.

पहिला, कट करायचं नाही. फक्त कॉपी. 'कट'मध्ये फाइल इकडे आली असं समजून तिकडची पुसली जाते. मध्येच केबल हलली तर कुठली फाइल कुठे आहे याचा हिशोब तुम्हाला रात्रभर लागणार नाही.

दुसरा, एकदम सगळं उचलायचं नाही. एकेक फोल्डर घ्या. फार मोठं असेल तर काही शे फाइलींचे गठ्ठे करा. गठ्ठा अडकला तर नेमकं कुठे अडकलं ते कळतं.

तिसरा, कॉपी चालू असताना फोनशी खेळायचं नाही. डेव्हलपर ऑप्शनमध्ये स्क्रीन जागी ठेवण्याचं सेटिंग असतं. ते नको असेल तर डिस्प्लेमधला स्क्रीन बंद होण्याचा वेळ तात्पुरता वाढवा.

चौथा, वेळ धरून ठेवा. टाइप-सी पोर्ट दिसला म्हणजे वेग भरपूर, असं नसतं. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या अनेक फोनमध्ये आत यूएसबी २.० च असतं. त्याचा कागदोपत्री वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे ६० मेगाबाइट. हातात पडतो त्याच्या निम्म्याच्या आसपास. सेकंदाला ३० मेगाबाइट धरले तर ६४ जीबीला साधारण ३५ मिनिटं. आणि छोट्या छोट्या हजारो फाइली असतील तर याहून बराच जास्त वेळ, कारण प्रत्येक फाइलसाठी खिडकीवर वेगळा अर्ज.

फोनमध्ये मेमरी कार्ड असेल तर ते बाहेर काढून कार्ड रीडरने थेट वाचा. तेव्हा ती खरी डिस्क असते, एमटीपीची भानगडच नाही. अपवाद एक: कार्ड 'इंटर्नल स्टोरेज' म्हणून फॉरमॅट केलेलं असेल तर ते एन्क्रिप्टेड असतं आणि त्या फोनशिवाय कुठेच उघडत नाही.

एमटीपी लटकलंच तर: एडीबी

काही फोन आणि काही मोठी फोल्डर एमटीपीने येतच नाहीत. टक्के पुढे सरकत नाहीत, मग एरर. अशा वेळी मी एडीबी वापरते. हे अँड्रॉइड डेव्हलपरांचं टूल आहे, पण फाइली आणायला प्रोग्रामिंग यावं लागत नाही.

फोनमध्ये 'अबाउट फोन'मध्ये जाऊन 'बिल्ड नंबर'वर सात वेळा टॅप करा. डेव्हलपर ऑप्शन उघडतील. त्यात 'यूएसबी डीबगिंग' चालू करा. लॅपटॉपवर उबुंटू किंवा डेबियन असेल तर 'एडीबी' नावाचं पॅकेज, फेडोरावर 'अँड्रॉइड-टूल्स'. मग केबल लावून टर्मिनलमध्ये 'एडीबी', जागा, 'डिव्हायसेस'. फोनवर प्रश्न येईल, या संगणकाला परवानगी द्यायची का? हो म्हणा.

आता मुख्य कमांड: 'एडीबी', जागा, 'पुल', जागा, हायफन आणि 'ए', जागा, मग फोनवरचा पत्ता. तो असा: स्लॅश, 'एसडीकार्ड', स्लॅश, डीसीआयएम. शेवटचं डीसीआयएम मोठ्या लिपीत, बाकी सगळं लहान. टर्मिनल ज्या फोल्डरमध्ये उघडलंय तिथे पूर्ण डीसीआयएम येतं. मधलं 'हायफन ए' फाइलींच्या मूळ तारखा जपतं, नाहीतर सगळ्यांवर आजची तारीख पडते. शेवटी किती फाइली आल्या याचा आकडाही छापून येतो. तो टिपून ठेवा, पुढे लागणार आहे.

काम झालं की यूएसबी डीबगिंग आणि डेव्हलपर ऑप्शन बंद करा. ते उघडं ठेवणं सुरक्षित नाही, आणि काही बँकांची ॲप ते चालू असताना उघडायलाच नकार देतात.

केबलशिवाय

रोजच्या दोन-चार फाइलींसाठी केबल कशाला? बहुतेक जण स्वतःलाच व्हॉट्सॲप करतात. फोटो असा पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि कधी, कुठे काढला ही आतली नोंदही जाते. बघायला चालेल, जपून ठेवायला नाही. अगदीच पाठवायचं तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, मग मूळ फाइल जाते.

त्याहून बरी दोन ॲप आहेत, दोन्ही फुकट आणि ओपन सोर्स. पहिलं केडीई कनेक्ट. २०१३ मध्ये गूगल समर ऑफ कोडमधून सुरू झालेला हा प्रकल्प. फोनवर ॲप, लॅपटॉपवर प्रोग्राम, दोन्ही एकाच वायफायवर, आणि एकदा जोडी जुळवायची. मग फोनच्या शेअर बटणातून फाइल थेट लॅपटॉपवर जाते. एकाचा कॉपी केलेला मजकूर दुसऱ्यावर पेस्ट करता येतो, नोटिफिकेशनही दिसतात. जीनोम डेस्कटॉपवर याच कामासाठी जीएसकनेक्ट हे एक्स्टेंशन आहे. दोन्हीपैकी एकच चालू ठेवा, ती एकाच पोर्टवर बसतात.

दुसरं लोकलसेंड. यात कायमची जोडी जुळवायची गरज नाही. दोन्हीकडे ॲप उघडा, समोरच्याचं नाव दिसेल, पाठवा. अँड्रॉइड, आयफोन, लिनक्स, विंडोज सगळीकडे चालतं. मित्राच्या आयफोनवरून ट्रिपचे फोटो घ्यायला माझी पहिली पसंती हीच.

दोघं एकमेकांना दिसत नसतील तर दोन कारणं बघा. लॅपटॉपवर फायरवॉल चालू असेल तर केडीई कनेक्टला १७१४ ते १७६४ आणि लोकलसेंडला ५३३१७ हे पोर्ट उघडे लागतात. दुसरं कारण हॉस्टेलचं किंवा कॉलेजचं वायफाय. तिथे सुरक्षेसाठी एका वायफायवरच्या दोन यंत्रांना एकमेकांशी बोलू दिलं जात नाही. उपाय सोपा: फोनचं हॉटस्पॉट चालू करा आणि लॅपटॉप त्याला जोडा. फाइल थेट फोनवरून लॅपटॉपवर जाते, त्यात तुमचा डेटा पॅक खर्च होत नाही. फक्त लॅपटॉप त्या हॉटस्पॉटवर गुपचूप अपडेट उतरवायला लागू शकतो, म्हणून मोबाइल डेटा तेवढ्यापुरता बंद ठेवा.

टच गेलाय, स्क्रीन दिसतेय

हा प्रश्न इतक्या जणांनी विचारला की वेगळा घेते. फोन पडला, चित्र दिसतंय, पण बोट चालत नाही. पिन टाकता येत नाही म्हणून फोन अनलॉक होत नाही, आणि अनलॉक झाल्याशिवाय फाइली दिसत नाहीत.

छोटं ओटीजी कनेक्टर घ्या, मोबाइलच्या कुठल्याही दुकानात मिळतं. त्यातून साधा यूएसबी माउस फोनला लावा. बऱ्याचशा फोनवर बाण उमटतो. त्या बाणाने पिन टाका. पण आता एकुलतं पोर्ट माउसने अडवलंय, केबल लावणार कुठे? म्हणून फाइली वायफायने पाठवा. माउसनेच लोकलसेंड टाका, फाइली निवडा, लॅपटॉपवर धाडा. लॉक काढायला दुसरा आडमार्ग नाही. माउसच्या बाणाने असो की बोटाने, तुमचा पिन तुम्हाला माहीत असायलाच हवा.

आयफोनवाल्यांनो

आयफोन एमटीपी बोलत नाही. लिनक्सच्या बाजूने त्याच्याशी बोलायला 'लिबआयमोबाइलडिव्हाइस' नावाचा ओपन सोर्स संच आहे. उबुंटूसारख्या डेस्कटॉपवर तो बहुधा आधीच असतो. फोन अनलॉक करून जोडा, 'ट्रस्ट धिस कॉम्प्युटर' विचारलं की हो म्हणून पासकोड टाका. फाइल मॅनेजरमध्ये फोन दिसतो, आत डीसीआयएम, त्यात १०० ॲपल अशा नावांची फोल्डर. दिसलं नाही तर 'आयफ्यूज' हे पॅकेज टाकून बघा. आयओएस नुकतंच अपडेट झालं असेल तर लॅपटॉपवरचा हा संचही अपडेट करा, जुना असेल तर तो नव्या आयओएसशी अडतो.

दोन सापळे. आयओएस ११ पासून फोटो एचईआयसी स्वरूपात साठतात. लिनक्सवर ते उघडत नसतील तर फाइल खराब नाही, 'लिबहीफ'शी संबंधित पॅकेज हवंय. दुसरा सापळा जास्त गंभीर: आयक्लाउड फोटोजमध्ये 'ऑप्टिमाइझ स्टोरेज' चालू असेल तर फोनमध्ये लहान प्रतच असते, मूळ फोटो आयक्लाउडवर. केबलने ते येणारच नाहीत. अँड्रॉइडवर गूगल फोटोजमध्ये 'फ्री अप स्पेस' केलं असेल तरी तेच. ते फोटो त्या त्या खात्यातूनच उतरवायला हवेत.

आलंय का खरंच?

आता आजचा सगळ्यात महत्त्वाचा भाग. कॉपीची पट्टी शंभर टक्क्यांवर पोचली म्हणजे झालं, असं मी मानत नाही. तुम्हीही मानू नका.

पहिली तपासणी, मोजणी. फोनवरच्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' बघा, मग लॅपटॉपवरच्या प्रतीचं बघा. फाइलींची संख्या आणि बाइटमधला आकडा ताडून बघा. जीबीचा आकडा ताडू नका. एक ॲप १००० ने भागतं, दुसरं १०२४ ने, आणि उगाच फरक दिसतो. एडीबीने आणलं असेल तर मघाशी टिपलेला आकडा आहेच. थोडा फरक असेल तर लपलेल्या फाइली बघा. अँड्रॉइड ११ पासून कचऱ्यात टाकलेले फोटो ३० दिवस त्याच फोल्डरमध्ये, डॉटने सुरू होणाऱ्या 'ट्रॅश्ड' नावाने पडून असतात. फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एच दाबलं की ते दिसतात.

दुसरी तपासणी, रिकाम्या फाइली. तुटलेल्या कॉपीची खूण म्हणजे नाव आहे, पण आत शून्य बाइट. टर्मिनल प्रतीच्या फोल्डरमध्ये उघडा आणि द्या: 'फाइंड', जागा, डॉट, जागा, हायफन 'टाइप', जागा, 'एफ', जागा, हायफन 'एम्प्टी'. सगळं लहान लिपीत. काहीच छापून आलं नाही तर उत्तम. नावं आली तर त्या फाइली परत आणा.

तिसरी, डोळ्यांनी. सगळ्यात मोठे चार-पाच व्हिडिओ उघडा आणि शेवटच्या दहा सेकंदांवर जा. अर्धवट आलेला व्हिडिओ सुरुवातीला ठीक चालू शकतो, दगा देतो तो शेवटी. फोटोंमध्ये सगळ्यात जुना, मधला आणि कालचा उघडा. ज्या रेकॉर्डिंगसाठी हा सगळा खटाटोप चाललाय, ते शेवटपर्यंत ऐका.

चौथी, दुसरी प्रत. लॅपटॉप ही एकच जागा झाली, आणि लॅपटॉपही पडतो, चोरीला जातो. एक्स्टर्नल डिस्क किंवा पेन ड्राइव्हवर आणखी एक प्रत ठेवा. पेन ड्राइव्ह एफएटी-३२ असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल त्यावर जाणार नाही, तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. लिनक्स कर्नल ५.४ पासून त्याला थेट आधार आहे. आणि 'इजेक्ट' केल्याशिवाय उपटू नका. पट्टी संपल्यावरही लिनक्स मेमरीत धरलेला डेटा मागून लिहीत असतो.

एवढं झालं की मगच जुन्या फोनमधून गूगल किंवा ॲपलचं खातं काढा आणि रिसेट मारा. शक्य असेल तर कॉपी आणि रिसेट यांच्यात एक दिवस जाऊ द्या. काय राहिलं ते माणसाला बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना आठवतं.

जाता जाता. हे दर दोन वर्षांनी रात्री बसून करायचं नसेल तर सिंकथिंग बघा. फोनचं कॅमेरा फोल्डर वायफायवरून आपोआप लॅपटॉपवर येत राहतं. अँड्रॉइडसाठीचं त्याचं मूळ ॲप २०२४ च्या शेवटी बंद झालं, पण सिंकथिंग-फोर्क नावाने ते पुढे चालू आहे. एक सावधगिरी: सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. फोनवर पुसलं की लॅपटॉपवरचंही पुसलं जातं. लॅपटॉपच्या बाजूला 'फाइल व्हर्जनिंग' चालू करा, म्हणजे पुसलेल्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये शिल्लक राहतात. त्यावर एक पूर्ण भाग करायचा विचार आहे.

तुमचा फोन कुठल्या पायरीवर अडतोय ते लिहून पाठवा. पाठवताना फोनचं मॉडेल, लिनक्स कुठलं, आणि त्या पाच अक्षरांच्या कमांडने यादीत ओळ वाढली की नाही, एवढं नक्की सांगा. निम्मं उत्तर त्यातच असतं. आणि घरात कुणी उद्या फोन एक्स्चेंजला देणार असेल, तर हा भाग त्यांना आजच पाठवा. भेटू पुढच्या भागात!